जमाखर्च जुळत नसेल, तर ते ऑडिट नव्हे

प्रश्न: आमची इमारत सात मजली आहे. जिना, पार्किंग, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचे सामाईक वीजबिल गेल्या वर्षी रोज ६५ युनिटांच्या हिशेबाने यायचे, आता ते ८० वर गेले आहे, म्हणजे महिन्याला साधारण २४०० युनिट. एका सल्लागाराने तासाभरात पाहणी करून एनर्जी ऑडिटचा अहवाल दिला. त्यात महिन्याचा वापर असा आहे: लिफ्ट ७.५ किलोवॉट, रोज ८ तास, १८०० युनिट, पंप ५ किलोवॉट, ६ तास, ९०० युनिट, ३६ वॉटच्या ४० ट्यूब, २४ तास, १०३७ युनिट, किरकोळ १६३. एकूण ३९००. लिफ्टची मोटर आणि ड्राइव्ह बदलावी, पॅनेलमध्ये वीज वाचवणारे उपकरण बसवावे आणि सगळीकडे एलईडी लावावेत, म्हणजे ४५ टक्के बचत होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. सभासद विचारतात, आधी काय करायचे? मी इमारतीची चिटणीस आहे, विजेतले मला फारसे कळत नाही. आणि घरच्या बिलाचा असा हिशेब घरच्या घरी करता येतो का?

उत्तर: आधी काहीच बदलू नका. अहवालातली बेरीज आणि तुमचे बिल शेजारी शेजारी ठेवून पाहा. अहवाल ३९०० युनिट म्हणतो, मीटर २४०० म्हणतो. मधले १५०० युनिट तुमच्या इमारतीत कधी आलेच नाहीत, तरी त्यांच्यावरची बचत मात्र अहवालात धरली आहे. ३९०० चे ४५ टक्के म्हणजे १७५५ युनिट. तेवढे खरोखर वाचले, तर २४०० चे बिल ६४५ वर यायला हवे. लिफ्ट, पंप आणि दिवे चालू ठेवून हे व्हायचे नाही.

जमाखर्च मीटरशी जुळला, तरच त्याला ऑडिट म्हणायचे. यंत्रावरच्या पट्टीवरचे वॉट घेतले, अंदाजाने तास धरले आणि गुणाकार केला, तर ती फक्त यादी होते. यादीची बेरीज बिलाच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे आली की मग बचतीविषयी बोलावे, त्याआधी नाही.

वाढ खरी आहे ना, याचीही खात्री करून घ्या. गेल्या बारा महिन्यांची बिले काढा आणि प्रत्येक बिलातले युनिट त्या बिलाच्या दिवसांनी भागा. एक बिल २८ दिवसांचे आणि दुसरे ३४ दिवसांचे असेल, तर वापर तोच असूनही युनिट वीस टक्क्यांनी जास्त दिसतात. एखाद्या महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग न घेता सरासरीने बिल आले असेल, तर ते आणि त्याच्या पुढचे बिल एकत्र धरूनच भागा. एवढे करूनही ६५ चे ८० झालेच असतील, तर रोजचे १५ युनिट शोधायचे आहेत. हे १५ युनिट दोन तऱ्हांनी जाऊ शकतात. चोवीस तास चालणारे काहीतरी ६२५ वॉट ओढत असेल, किंवा पंपासारखे मोठे यंत्र रोज तीन-साडेतीन तास जास्त चालत असेल. यातले कोणते, ते एका रात्रीत कळते.

त्यासाठी कोणतेही उपकरण विकत आणायची गरज नाही. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ८००, १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने भागा, मग दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी. जे उत्तर येईल, तेवढे वॉट त्या क्षणी चालू आहेत. तुमच्या मीटरवर ८०० छापले असेल, तर हिशेब सोपा होतो: ४५०० भागिले सेकंद. मीटर सीटीवर, म्हणजे मोठा प्रवाह लहान करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, चालणारा असेल तर बिलावर गुणक छापलेला असतो. आलेल्या उत्तराला त्याने गुणायचे. गुणक विसरला तर सगळा हिशेब कित्येक पटींनी चुकतो.

मोजताना बहुतेकांची एक चूक होते. पहिल्या लुकलुकीला ‘एक’ म्हणून घड्याळ सुरू करतात. पहिलीला ‘शून्य’ म्हणायचे, मग एक, दोन, तीन. विसाव्याला घड्याळ थांबवले की बरोबर वीस अंतरे मोजली जातात. ‘एक’पासून सुरुवात केली तर ती एकोणीसच होतात आणि पाच टक्के तिथेच हातातून जातात. दिवा फार भराभर लुकलुकत असेल तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि तो हळू चालवून मोजा.

आता रात्री दोनच्या सुमारास, लिफ्ट थांबलेली आणि पंप बंद असताना, हे मोजा. जिन्यात २४ ट्यूब रात्रीचे बारा तास आणि पार्किंगमध्ये १६ ट्यूब चोवीस तास असे धरू; तुमची मोजदाद वेगळी असेल तर आकडे बदला. चोकवाली ३६ वॉटची ट्यूब प्रत्यक्षात ४८ वॉटच्या आसपास घेते, कारण चोक स्वतःच दहा-बारा वॉट खातो. चाळीस ट्यूबचे १९२० वॉट झाले. लिफ्ट उभी असली तरी तिचा कंट्रोलर, केबिनमधला दिवा आणि पंखा मिळून दीडशे वॉट धरा. कॅमेरे, इंटरकॉम वगैरेचे शंभर. एकूण २१७०. तुमच्या वीस लुकलुकी ४० सेकंदांत झाल्या, तर उत्तर २२५० वॉट येते. ऐंशी वॉटचा फरक सोडून द्या, रात्रीचा जमाखर्च जुळला. पण त्याच वीस लुकलुकी ३२ सेकंदांतच संपल्या, तर २८०० वॉट चालू आहेत आणि सहाशे वॉटचा मालक सापडत नाही. मग मुख्य पॅनेलमधला एकेक एमसीबी वायरमनकडून बंद करून घ्या आणि लुकलुक कधी मंदावते ते पाहा. हे काम वायरमनचेच आहे. पॅनेलचे झाकण तुम्ही उघडू नका. असे सहाशे वॉट बहुधा गच्चीवर विसरलेला फ्लडलाइट, सामाईक लाइनवर कोणीतरी घेतलेले कनेक्शन किंवा स्वयंचलित स्विच अडकून सतत चालू राहिलेले छोटे यंत्र यांपैकी काहीतरी निघते.

रात्रीचा हिशेब जुळत असेल, तर वाढ पंपाकडे पाहायला सांगते आहे. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय इथेच जास्त आहे.

अहवालात पंप ५ किलोवॉटचा धरला आहे. पट्टीवर बहुधा ५ एचपी लिहिले असेल. एचपी आणि किलोवॉट एक नव्हेत. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉट, आणि ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. मोटरचा स्वतःचा तोटा धरून पूर्ण भारावर ती साधारण ४.४ किलोवॉट घेते, भार कमी असेल तर त्याहून कमी. प्रत्यक्ष आकडा मीटरच देईल. रात्री मोजलेल्या स्थितीत फक्त पंप सुरू करा. आता ५० लुकलुकी ३५ सेकंदांत झाल्या, तर एकूण ६४३० वॉट. त्यातून आधीचे २२५० वजा केले, की पंपाचे साधारण ४२०० वॉट उरतात.

वायरमन टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखा लावायचा अँपिअर मीटर, लावून अँपिअर सांगेल आणि व्होल्टने गुणून वॉट काढेल. त्या आकड्यावर विसंबू नका. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधले खरे वॉट किती हे सांगणारा आकडा, मधे येतो, आणि अर्ध्या भारावर चालणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर बराच खाली जातो, त्यामुळे गुणाकार वॉटपेक्षा मोठाच येतो. टाँग टेस्टर एका वेळी एकाच तारेभोवती लावायचा असतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र चिमटीत धरले तर तो जवळपास शून्य दाखवतो.

एवढ्याने पंप किती खातो ते कळले. तेवढ्यात तो काम किती करतो, हेही पाहायचे. खालच्या टाकीत येणारे पाणी बंद करा. एका लांब काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून ती टाकीच्या तळाला टेकवा आणि ओल्या भागाची उंची लिहून घ्या. पंप ७० मिनिटे चालवा आणि पुन्हा मोजा. वरच्या टाकीत मोजू नका, कारण ती भरत असतानाच लोक नळ सोडतात आणि हिशेब चुकतो. टाकी ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. पाणी १२० सेंटिमीटर उतरले, तर १४,४०० लिटर वर गेले. सात मजल्यांना खालच्या पाण्यापासून वरच्या टाकीतल्या पाइपच्या तोंडापर्यंत ३० मीटर धरा. लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१, भागिले ३६,००,००० केले की नुसते पाणी उचलायला लागणारे युनिट मिळतात. इथे ते १.१८ आले. पंपाने ७० मिनिटांत ४.९ युनिट घेतले. म्हणजे शंभरातले चोवीस कामी आले, बाकीचे वाया. या आकाराचा ठीक स्थितीतला पंपसंच ४० ते ५० टक्के काम देतो.

चोवीस टक्के आले म्हणून लगेच नवा पंप आणू नका. वरती जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला आहे का, ते आधी पाहा. दुरुस्तीनंतर तो पुरता न उघडणे ही नेहमीची चूक आहे. मग पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकला आहे का. मग झिजलेला इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी फेकणारे चाक. पंपच चुकीचा निवडलेला असेल, म्हणजे ६० मीटर उंचीसाठीचा पंप ३० मीटरवर चालत असेल, तरी कार्यक्षमता पडते. तेव्हा मात्र नवा पंप हाच उपाय. पण नवा पंप जुन्याच तुंबलेल्या जाळीवर बसवला, तर तोही थोड्या दिवसांत चोवीस टक्क्यांवर येईल.

पंप थांबला की काठी पुन्हा बुडवा आणि अर्ध्या तासाने परत पाहा. खालची पातळी वाढत असेल, तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे आणि वर चढवलेले पाणी मागच्या वाटेने खाली येते आहे. पाइपचे तोंड वरच्या टाकीत पाण्याच्या वर असेल, तर फक्त पाइपातले पाणी परत येईल: ५० मिलिमीटरच्या ३० मीटर पाइपात साधारण ६० लिटर, म्हणजे काठीवर अर्धा सेंटिमीटर. पाइप टाकीच्या तळाशी जोडलेला असेल, तर मात्र सगळी टाकी रात्रभर हळूहळू खाली उतरते आणि सकाळी पंप तेच पाणी पुन्हा चढवतो.

शेवटची पाहणी वरच्या टाकीची. रात्री एक आणि चार वाजता, पंप बंद असताना, पातळी मोजा. टाकी ३ मीटर बाय २ मीटरची असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. सगळे झोपलेले असताना तीन तासांत वीस सेंटिमीटर पाणी गेले, तर १२०० लिटर कुठेतरी गळाले. दिवसाचे ९६०० लिटर होतात, आणि वरच्या पंपाच्या हिशेबाने रोजचे सव्वातीन युनिट. गळक्या फ्लशच्या टाक्यांचा आवाज येत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपखाली भिंत सतत ओली असेल, तर टाकी भरल्यावर पंप थांबवणारा फ्लोट स्विच नीट तुटत नाही.

दिवसाचा ताळा आता असा मांडा. दिव्यांचे ३२ युनिट, लिफ्ट उभी असतानाचे ३.६, कॅमेरे वगैरे २.४, पंप सहा तासांचे २५. बेरीज ६३. उरले १७, त्यात लिफ्टच्या फेऱ्या आणि चूक दोन्ही आले. म्हणजे लिफ्ट चालताना रोज फार तर १७ युनिट खाते. महिन्याला ती ५१० झाली, १८०० नाही. अहवालातली चूक कुठे झाली, तेही यावरून दिसते. लिफ्टला काउंटरवेट असते, ते रिकामी केबिन आणि जवळजवळ निम्म्या माणसांचे वजन तोलून धरते. ७.५ किलोवॉट लागतात ते भरलेली केबिन वर नेताना. एक-दोन माणसे वर नेताना त्यातला थोडासाच भाग लागतो. आठ तास पूर्ण भार धरणे कोणत्याच रहिवासी इमारतीत लागू पडत नाही. लिफ्टचा आकडा नक्की हवा असेल, तर तिच्या लाइनवर सात दिवस नोंद ठेवणारा मीटर लावून घ्या. महिन्याच्या ५१० पैकी निम्मे वाचवायला मोटर आणि ड्राइव्ह बदलायची की नाही, ते मग लिफ्टचे वय पाहून ठरवा. विजेच्या बचतीसाठी म्हणून आम्ही ती बदलायला सांगणार नाही.

ट्यूबचा आकडा अहवालात १०३७ आहे आणि आपला ९७०. जवळ आले म्हणून ते बरोबर समजू नका. त्यांनी चोक सोडला म्हणून वॉट कमी धरले, आणि सगळे दिवे चोवीस तास चालू धरले म्हणून तास जास्त. दोन चुकांनी एकमेकींना झाकले. पण बचत काढताना हीच झाकपाक उघडी पडते.

पार्किंगच्या १६ ट्यूबचे पाहा. आज त्या रोज १८.४ युनिट घेतात. पार्किंगमध्ये दिवसा पुरेसा उजेड असेल, तर दिवसा बंद ठेवून ९.२ वाचतील. २० वॉटच्या एलईडी लावून १०.७ वाचतील. दोन्ही केले तर विक्रेता १९.९ सांगेल, म्हणजे मुळात जेवढी वीज जाते त्याहून जास्त! खरे तर आधी दिवसा बंद केल्यावर ९.२ उरतात, त्यांचे एलईडीने ३.८ होतात, म्हणजे एकूण बचत १४.६. तीही उत्तम आहे, फक्त बचतींची बेरीज अशी सरळ करता येत नाही. आधी तास कमी करा, मग वॉट. तास कमी झाले की एलईडी किती लागतील हेही बदलते.

एलईडी ट्यूब जुन्याच पट्टीत बसवायची असेल, तर चोक आणि स्टार्टर वायरिंगमधून काढून घ्या. काही ट्यूबना दोन्ही टोकांना वीज लागते, काहींना एकाच टोकाला. खोक्यावरचे चित्र वायरमनने पाहूनच जोडणी करावी, नाहीतर जोडताक्षणी शॉर्ट होऊ शकतो. बदलण्याआधी आणि नंतर जिन्याच्या त्याच पायरीवर, रात्री, त्याच मोबाईलच्या ॲपवर उजेडाचा आकडा लिहून ठेवा. ॲपचा लक्सचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेला तोच फोन चालतो. अंधाऱ्या जिन्यात कोणी पडले, तर ती बचत नको.

राहिले पॅनेलमधले उपकरण. आत कपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, त्यामुळे अँपिअर कमी दिसतात आणि विक्रेता तेच दाखवतो. पण तुमचे बिल किलोवॉट तासांवर, म्हणजे युनिटवर, येत असेल, तर मीटर ते अँपिअर मोजतच नाही. बिलावर केव्हीएएच (वॉटऐवजी व्होल्ट-अँपिअरवर मोजलेला वापर) किंवा पॉवर फॅक्टरचा दंड अशी ओळ आहे का, ते पाहा. नसेल तर या उपकरणाला नकार द्या. असेल तर पंपाच्या मोटरला योग्य मापाचा कपॅसिटर स्टार्टरपाशी लावणे हा नेहमीचा, साधा उपाय आहे.

पुढच्या वेळी सल्लागार नेमाल तेव्हा कामाच्या पत्रात तीन अटी घाला: बारा महिन्यांच्या बिलांशी दहा टक्क्यांच्या आत जुळणारा ताळेबंद, पंप आणि लिफ्टची प्रत्यक्ष मोजणी, पट्टीवरचे आकडे नव्हेत, आणि काम झाल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी. ऊर्जा लेखापरीक्षणासाठी आयएसओ ५०००२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते पाळाल का, असे विचारले तरी कोण तयारीने आला आहे ते कळते. नुसती फेरी मारून केलेली पाहणी ही ऑडिटची पहिली पायरी आहे. ती वाईट नाही, पण तिच्या भरवशावर मोटर बदलत नाहीत.

घरच्या बिलालाही हाच ताळा लागतो. घराचा मुख्य स्विच बंद करा आणि मीटर पाहा. लुकलुक थांबली पाहिजे. थांबली नाही, तर मीटर आणि स्विचच्या मधे दुसरे कोणीतरी जोडलेले आहे, मीटर दुसऱ्या घराचा आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. थांबली, तर स्विच चालू करून फ्रिज, गिझर, दिवे आणि पंखे बंद करा, बाकी सगळे नेहमीसारखे प्लगला लागलेले राहू द्या आणि लुकलुक मोजा. एक वॉट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात, त्यामुळे टीव्ही, राउटर, चार्जर यांचे मिळून तीस वॉट निघाले तर वर्षाचे २६३ युनिट झाले.

गिझरला पाणी तापवायला किती लागावे, हे ठरलेले आहे: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट तास. पंचवीस लिटर तीस अंशांनी तापवायला ०.८७ युनिट. नुसते गरम ठेवायला किती जातात ते पाहायचे, तर बाहेरगावी जायच्या एका दिवशी गिझर चालूच ठेवा आणि फ्रिज सोडून बाकी सगळे बंद करा. दिवसाच्या रीडिंगमधून फ्रिजचे युनिट वजा केले की गिझरचा उभ्या-उभ्याचा खर्च उरतो. तो बघून ठरवा, टायमर लावायचा की वापरापुरताच सुरू करायचा. सगळ्या इमारतीला एकच गरम पाण्याची टाकी असेल, तर मात्र वीज वाचवायला तिचे तापमान ६० अंशांखाली नेऊ नका. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी न्यूमोनिया होतो.

फ्रिज दहा मिनिटे मोजून काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होतो आणि मधूनच बर्फ वितळवणारा हीटर लागतो. प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर निदान चोवीस तास, जमले तर आठवडाभर ठेवा. त्या मीटरवर लिहिलेल्या अँपिअरहून मोठे यंत्र त्यात लावू नका. गिझरसाठी तो वापरूच नका. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला, तर त्या जागी रबराची पट्टी सैल झाली आहे. कागद चारही बाजूंना ओढून पाहा, पट्टी बहुधा खालच्या कोपऱ्यात आधी जाते.

सामाईक कामात सुरुवात पंपापासून करा. व्हॉल्व्ह उघडून, जाळी साफ करून झाली की पुन्हा काठी बुडवा, पुन्हा ७० मिनिटे पंप चालवा, पुन्हा पन्नास लुकलुकी मोजा. चोवीसचे चाळीस टक्के झाले, तर तेवढेच पाणी चढवायला २५ ऐवजी १५ युनिट लागतील. तुमच्या हरवलेल्या पंधरातले दहा तिथेच सापडतील. त्याबरोबर गळके फ्लश दुरुस्त करून घ्या आणि पंपाच्या स्टार्टरवर तास मोजणारा मीटर बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पंप सहा तास चालतो की नाही, हे पंपवाल्याला विचारावे लागणार नाही.